कार्बोरेटरचं अभ्यंगस्नान

कार्बोरेटर घरच्या घरी साफ करता येतो. हे वाक्य शंभर टक्के खरं आहे आणि तिथेच माझा घात झाला. खोटं असतं तर एखाद्या संध्याकाळी हात टेकून मी गाडी मेकॅनिककडे ढकलत नेली असती, आणि त्या दिवाळीत लोकांनी आमचा चिवडा चिवडा म्हणूनच खाल्ला असता. पण या विषयावर मला ज्यांनी ज्यांनी सल्ले दिले (आमच्या सोसायटीत सल्ला न देणारा माणूस एकच, रात्रपाळीचा वॉचमन, कारण तो झोपलेला असतो) त्या सगळ्यांचे सल्ले बरोबर होते. चिंच चालते. तांब्याची तार चालते. पेट्रोलमध्ये बुडवणं तर चालतंच चालतं. चालत नाही ते फक्त माझ्या हातून.

स्कूटर अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. बजाज चेतक. राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन 1972 साली बाजारात आलेली आणि पुढे वर्षानुवर्षं पैसे भरूनही न मिळणारी. अण्णांनी नंबर लावला तेव्हा माझा जन्म व्हायचा होता. गाडी दारात आली तेव्हा मी तिसरीत होतो. एवढी वाट पाहायला लावणाऱ्या वस्तूचं माणूस करतो तेवढं कौतुक त्यांनी तिचं केलं. रविवारी सकाळी प्लग काढून घासायचा, केबलला तेल सोडायचं, आणि रोज संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी आलं की पेट्रोलचा कॉक बंद करायचा. मग आत उरलेल्या थेंबांवर गाडी दारापर्यंत यायची आणि स्टँडवर चढवता चढवता स्वतःहून बंद पडायची. 2009 च्या अखेरीला कंपनीने स्कूटर बनवणंच थांबवायचं जाहीर केलं, तेव्हाही आमची पहिल्या किकला सुरू होत होती.

मग ती माझ्या हातात आली. अण्णांचं ते कॉक बंद करणं मला लहानपणापासून निव्वळ चिकटपणा वाटायचा. मी बँकेत अधिकारी. दोन थेंब पेट्रोल वाचवण्यासाठी चारचौघांत खाली वाकणं मला शोभेना. तेव्हा कॉक उघडाच ठेवून मी तिला पार्किंगच्या कोपऱ्यात लावली, वर जुनी चादर टाकली, आणि रिक्षा, बस, मेट्रो, मित्राची मोटार असं जे मिळेल त्यात बसून कित्येक महिने निश्चिंत फिरलो. दिवाळीच्या खरेदीला बाहेर पडायचं म्हणून चादर काढली आणि किक मारली. काही नाही. चोक ओढून मारली, उजवीकडे कलंडून मारली, डावीकडे कलंडून मारली, गॅलरीतून अण्णा बघतायत म्हणून जरा ऐटीत मारली. तिने एकदा खोकल्याचा आवाज केला. नंतर लक्षात आलं, तो अण्णांचा होता.

आता कार्बोरेटर कसा चालतो हे मला उत्तम समजतं, हीच माझी अडचण. तळाशी एक छोटी वाटी, तिच्यात पेट्रोल, त्यावर तरंगणारा फ्लोट. पातळी वर आली की फ्लोट आपली सुई दाबून पेट्रोलची वाट बंद करतो. वरून इंजिन हवा ओढत असतं. ही हवा अरुंद नळीतून जाताना वेग घेते आणि तिचा दाब उतरतो, हे डॅनियल बर्नुलीने 1738 च्या आपल्या ग्रंथात मांडलेलंच आहे. त्या उतरलेल्या दाबापायी वाटीतलं पेट्रोल जेटच्या भोकातून वर खेचलं जातं आणि त्याचा फवारा होतो. बुडापेस्टच्या दोनात बांकी आणि यानोश चोंका या दोघांनी 1893 साली अशा फवाऱ्याच्या कार्बोरेटरचं पेटंट घेतलं. रस्त्यात फुलांवर पाणी फवारणारी मुलगी पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असं सांगतात. ही हकीकत मी हिला इस्त्रीच्या वेळी, पाण्याची फवाऱ्याची बाटली हातात घेऊन, प्रात्यक्षिकासह ऐकवली. हिने शांतपणे ऐकून घेतली. म्हणाली, "बाटली तुमच्याच हातात आहे तर उरलेले शर्टही करून टाका."

वाटीतलं पेट्रोल नुसतं पडून राहिलं की त्यातला हलका भाग उडून जातो, आणि उरलेला हवा लागून हळूहळू तपकिरी, चिकट होत जातो. दोन स्ट्रोकच्या गाडीत पेट्रोलबरोबर टूटी ऑइल मिसळलेलं असतं, तेही तळाशी बसतं. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल. ते हवेतली ओल ओढून घेतं, आणि ओल फार झाली की दोघं मिळून पेट्रोलच्या खाली जाऊन बसतात. जेटचं तोंड नेमकं तिथेच. अण्णा वाचवत होते ते पेट्रोल नव्हतं. वाटी कोरडी करत होते. हे त्यांनी मला त्या दिवशी गॅलरीतून सांगितलं. आधी का नाही सांगितलं, असं विचारल्यावर म्हणाले, "आधीही सांगितलं होतं. तू तेव्हा नववीत होतास आणि तुला सगळं माहीत होतं."

कार्बोरेटर मी काढला मात्र अगदी शास्त्रोक्त. इंजिनावरचं झाकण उघडलं, प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो घेतला, स्क्रू एका वाटीत ओळीने मांडले. कार्बोरेटर उचलला की खाली थेट इंजिनात उतरणारं भोक उघडं पडतं, आणि त्यात एखादा नट पडला तर तो काढायला सगळं इंजिन खोलावं लागतं. म्हणून तिथे आधी फडकं कोंबायचं असतं. हे मला माहीत होतं आणि माहीत असलेली गोष्ट मी केलीही. हाताशी फडकं नव्हतं, पण वरच्या कुठल्याशा मजल्यावरच्या दोरीवरून पडलेलं पांढरं काहीतरी पार्किंगमध्ये पायाशीच होतं. ते चांगलं खोलवर कोंबलं. हात पुसले आणि वर आलो.

वर स्वयंपाकघरात ही चकल्या तळत होती. मी ओट्याखालून एक बिनवापराचं (म्हणजे मला तसं वाटलेलं) स्टीलचं पातेलं काढलं, त्यात कार्बोरेटर ठेवला आणि बाटलीचं बूच उघडलं मात्र, अण्णा एरवी गुडघ्यांची तक्रार करतात ते विसरून खुर्चीतून उठून धावत आले. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती वर जात नाही, जमिनीलगत सरपटत जाऊन जिथे ज्योत असेल तिथे पोचते. आणि आमच्या घरात त्या घटकेला गॅस पेटलेला, देवापाशी निरांजन आणि उंबऱ्यावर पणत्या. माझी रवानगी गच्चीवर झाली, पातेल्यासकट. तिथे कार्बोरेटर रात्रभर पेट्रोलमध्ये मुरला, सकाळी जुन्या टूथब्रशने घासला, वरवरची काजळी निघाली. पातेलं मी साबणाने दोनदा घासून गुपचूप जागेवर ठेवलं. हिने त्यात चिवडा कालवला.

पाडव्याला आलेल्या एका आत्येभावाने बशीतला चिवडा दोनदा तोंडात टाकला, जरा विचारात पडला आणि म्हणाला, "वहिनी, यंदा काही वेगळं घातलंयत का?"

अण्णा म्हणाले, "टूटी."

पण ही पुढची गोष्ट झाली. पेट्रोलने मळ निघाला तरी आतल्या बारीक वाटांत बसलेला तपकिरी थर ढिम्म हलेना. समोरच्या काकूंनी सांगितलं, चिंच लाव. दिवाळीची भांडी घासणं चालूच होतं, समई आणि तांब्यांच्या ताफ्यात मी दोन्ही जेट सोडून दिले. जेट पितळेचे. काय सांगू, असे लखलखीत झाले की देव्हाऱ्यात ठेवावेसे वाटले. त्या यशाने मी पेटलो आणि अख्खा कार्बोरेटर, जेट परत बसवून, चिंचेच्या कोळात रात्रभर बुडवून ठेवला.

सकाळी त्याच्या अंगावर पांढरी भुकटी धरली होती आणि मूळचा चंदेरी रंग जाऊन तो राखाडी, खरबरीत दिसत होता. कार्बोरेटरचं अंग पितळेचं नसतं. जस्त-अॅल्युमिनियमच्या जातीच्या मिश्रधातूचं असतं, आणि आंबट पदार्थाला तो धातू खातो म्हणण्यापेक्षा आंबट पदार्थ त्याला खातो. चिरंजीव विज्ञानाचं पुस्तकच घेऊन आले. "बाबा, जस्त, तांबं असलेला धातू आणि मध्ये आम्ल. व्होल्टाने 1800 साली हेच केलं होतं. तुम्ही सेल बनवलाय." व्होल्टाने मिठाचं पाणी वापरलं होतं, हा तपशील मी त्याला ऐकवला, पण त्याने माझी बाजू फारशी सावरली नाही. आमच्या स्कूटरला जन्मापासून बॅटरी नव्हती. मी तिला रातोरात एक बसवली होती. घरातली चिंच संपल्यामुळे त्या दिवशी आमटीत आमसूल पडलं.

पाच-दहा मिनिटं बुडवून लगेच स्वच्छ पाण्याने धुतलं असतं तर काही झालं नसतं, असं काकू म्हणाल्या. तसं त्यांनी आधीही सांगितलं होतं म्हणे.

मग नाना पेठेतून कार्बोरेटरचा स्प्रे आणला. हा खरं तर पहिल्याच दिवशी आणायचा. पण विकतचं औषध वापरलं तर घरगुती उपाय कसला, या अभिमानापोटी मी थांबलो होतो. स्प्रेबद्दल एवढंच सांगतो की कार्बोरेटरची सगळी भोकं आतून एकमेकांना जोडलेली असतात. एकातून मारलेलं दुसऱ्यातून बाहेर येतं. दुसऱ्या भोकाला मी डोळा लावून बसलो होतो, ते साफ होतंय का बघायला. चष्मा होता म्हणून बचावलो.

आता उरला तो छोटा जेट. उजेडाकडे धरला तरी आरपार दिसेना. या जातीच्या कार्बोरेटरमध्ये जेटवर कोरलेला आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात: 100 म्हणजे एक मिलिमीटर, आणि हा छोटा तर त्याच्या निम्म्याच्या आसपास. मी हिच्या शिवणाच्या डब्यातून सुई काढली. "सुई नको," अण्णा गॅलरीतूनच ओरडले; मी काय करतोय हे त्यांना पाठमोरं बसूनही कळतं. "पोलाद आहे ते, पितळ खरवडलं तर भोक मोठं होईल आणि गाडी पेट्रोल ढोसत बसेल. वायरीतली तांब्याची एक तार घे." तांबं पितळेपेक्षा मऊ, ते भोकाला ओरखडा काढत नाही. मी गॅलरीच्या कोपऱ्यातून एक जुनी वायर ओढली, पक्कडीने टोक कापलं, वरचं प्लॅस्टिक सोललं, आतल्या केसाएवढ्या तारांतली एक वेगळी केली आणि त्या जेटमधून अशी हळुवार फिरवली की उजेडाचा ठिपका लख्ख दिसला. ती वायर आकाशकंदिलाची होती. आमचा आकाशकंदील त्या वर्षी फक्त दिवसा दिसला.

आतल्या वाटा मात्र अजून बुजलेल्याच होत्या, कारण तिथे ना ब्रश पोचत होता ना तार. अशा वेळी मला सराफाची आठवण झाली. दागिने साफ करायला सराफांकडे एक छोटं यंत्र असतं: स्टीलच्या टाकीत साबणाचं पाणी, आणि खालून कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी, सेकंदाला साधारण चाळीस हजार कंपनं. त्यांनी पाण्यात डोळ्याला न दिसणारे बुडबुडे उठतात आणि फुटतात, आणि प्रत्येक फुटणारा बुडबुडा धातूवरचा मळ खेचून काढतो. जिथे पाणी जातं तिथे सफाई होते. मोठमोठ्या गॅरेजांत कार्बोरेटर याच पद्धतीने धुतात. तत्त्व एकच. आणि हिला धनत्रयोदशीला मंगळसूत्र साफ करून घ्यायला जायचंच होतं.

धनत्रयोदशीला संध्याकाळी सराफाच्या दुकानात शिरायचं तर मुळात कोपरांत बळ लागतं. माझ्या एका हातात कापडी पिशवी, पिशवीत वर्तमानपत्र, वर्तमानपत्रात तो. तासाभराने आमचा नंबर लागला. हिने मंगळसूत्र काढून मखमली तबकात ठेवलं आणि मी शेजारी पुडकं उलगडलं. सराफांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. पिढीजात दुकान, त्यांनी आयुष्यात खूप काही पाहिलेलं, आवाजात जराही फरक न करता म्हणाले, "मोडीत द्यायचंय का साहेब? घट बरीच धरावी लागेल."

मी त्यांना बर्नुलीपासून सांगायला घेतलं. मागची रांग ऐकत होती. ही हळूहळू बांगड्यांच्या काउंटरकडे सरकली आणि मी कोण, हे तिला आठवेनासं झालं. सराफांनी मला बांकी आणि चोंकापर्यंत पोचू दिलं नाही, "घाल रे यांचं," असं म्हणून कारागिराला खूण केली. त्या पोराने टाकीत आधीपासून असलेल्या कुणाच्याशा पाटल्या बाहेर काढायला हात घातला, पण मी उत्साहाच्या भरात कार्बोरेटर सोडून मोकळा झालो होतो. यंत्र गुणगुणलं. आणि त्या निळसर पाण्यात कार्बोरेटरच्या प्रत्येक भोकातून काळ्याभोर धुराची एकेक दोरी बाहेर पडायला लागली, इतकी सुरेख, इतकी सावकाश, की मी भान हरपून बघत राहिलो. महिन्यांचा डिंक समोर विरघळत होता! पाटल्यांच्या मालकीणबाईही बघत होत्या. त्यांच्या पाटल्या बाहेर आल्या तेव्हा त्यांना वास येत होता.

सराफांनी पाणी बदललं, पाटल्या तीनदा धुतल्या, बाईंना चहा पाजला. कार्बोरेटर मात्र आतून असा स्वच्छ झाला की त्याच्यातून फुंकर मारली तर पलीकडे दिवा विझावा. नरकचतुर्दशीच्या आदल्याच दिवशी त्याचं अभ्यंगस्नान उरकलं होतं. उटणं तेवढं राहिलं. पैसे विचारले तर सराफांनी हात जोडले. "पैसे नकोत. फक्त पुन्हा येऊ नका."

आतलं पाणी सुकवायला म्हणून पंक्चरवाल्याकडे गेलो. कॉम्प्रेसरची हवा मारण्याआधी फ्लोट काढायचा असतो आणि जेट घट्ट आवळायचे असतात. मी फ्लोट काढला. छोटा जेट सुटला आणि गोळीच्या वेगाने रस्ता ओलांडून समोरच्या फूलवाल्याच्या झेंडूच्या ढिगात गेला. चिंचेने लखलखीत पिवळा झालेला जेट, लखलखीत पिवळ्या झेंडूत. फूलवाला ढीग उपसू देईना, म्हणून मी तो सगळा विकत घेतला. पाहुणे दाराशी थबकून विचारत, घरात कार्य आहे का? जेट चिरंजिवांना सापडला, तोरण ओवताना. सुई त्यातून आरपार गेली होती, त्यामुळे निदान एक पक्कं कळलं की भोक मोकळं आहे. अण्णांनी डोळे मिटून घेतले.

भाऊबीज झाली, पाहुणे गेले, आणि मी फोटो समोर ठेवून उलट्या क्रमाने सगळं जोडलं. नवी गॅस्केट बसवली, एअर स्क्रू पूर्ण आवळून मग आधी मोजून ठेवलेले तेवढेच वेढे उलटा सोडला. आणि काय आश्चर्य, वाटीत एकही स्क्रू उरला नाही! माझ्या हातून जोडलेल्या वस्तूतून काहीच उरलं नाही, असं यापूर्वी घडलेलं नव्हतं. मिक्सर जोडला तेव्हा तीन भाग उरले होते आणि तो अजून चालतो. मी कॉक उघडला, चोक ओढला, गॅलरीकडे पाहून अण्णांना नमस्कार केला आणि किक मारली. मग परत मारली. चप्पल तुटेपर्यंत मारली. प्लगला ठिणगी होती, वाटीत पेट्रोल होतं, जेट तर देवाच्या उपकरणीइतके स्वच्छ होते. इंजिन हवाच घेईना.

त्यानंतरच्या सोमवारी शाळा उघडली आणि सकाळी सातला घरात रणधुमाळी माजली, कारण चिरंजिवांचा गणवेशाचा एक मोजा सापडेना. मी किक मारून सुजलेल्या पोटरीला मलम चोळत बसलो होतो. वस्तू जागच्या जागी ठेवणं म्हणजे काय, आमच्या वेळी मोज्यांच्या एका जोडीवर आम्ही वर्ष कसं काढायचो, आणि ज्याला स्वतःचे मोजे सांभाळता येत नाहीत तो पुढे आयुष्यात काय सांभाळणार, यावर त्याला पंधरा मिनिटं सविस्तर ऐकवलं. तो एक पांढरा आणि एक करडा मोजा घालून गेला. वर्गशिक्षिकांनी डायरीत शेरा मारला: पालकांनी खुलासा करावा.

संध्याकाळी आम्ही बापलेकांनी स्कूटर ढकलत मेकॅनिककडे नेली. पोरगेलासा होता, पण हात सराईत. काहीएक न विचारता त्याने कार्बोरेटर उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि मनापासून म्हणाला, "काका, कार्बेटर एक नंबर साफ आहे. कुणाकडून करून घेतला?" मी सराफांचं नाव सांगणार होतो. तेवढ्यात त्याने खालच्या भोकात टॉर्च मारली, थोडा वेळ गप्प राहिला, लांब चिमटा घातला आणि ओढू लागला. ते येतच राहिलं. आधी काळी टाच, मग राखाडी पाऊल, मग वरची निळ्या पट्ट्यांची किनार.

चिरंजिवांनी मोज्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या पायांकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

स्कूटर दुसऱ्या किकला सुरू झाली. मेकॅनिकने मजुरी फार लावली नाही. बिलबुकातलं पान फाडून त्यावर नीट अक्षरात लिहिलं, "इंजिनातून मोजा काढणे, 1 नग," खाली शिक्का मारला. चिरंजिवांनी ते पान माझ्या हातातून घेतलं, चार घड्या केल्या आणि डायरीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते शाळेत दाखल झालं. वर्गशिक्षिकांनी त्यावर पालकांची सही मागितली आहे.